बाजारातला फलक, ५०० रुपयांची पावती आणि नगरपरिषदेचे अधिकार

तहसीलसमोर

माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे, तहसील कचेरीच्या अगदी समोर. गावाचं नाव लिहीत नाही. चाळीस हजारांच्या आतली वस्ती, क वर्ग नगरपरिषद, गुरुवारचा बाजार.

परवा एक आजी दुकानात आल्या. कोथिंबीर, मेथी, शेपू घेऊन बसतात, बाजारपेठेच्या तोंडाशी, पिंपळाखाली. माझ्या लहानपणापासून त्या तिथेच आहेत. पदराच्या गाठीतून एक पावती काढली आणि म्हणाल्या, "याची झेरॉक्स कर बाबा, मूळची हरवली तर मी काय दाखवू?"

पावती हातात घेतली. "दंड" या शब्दापुढे ५००. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : "रस्ता". पुस्तक क्रमांक नाही, कुठल्या कायद्याचं कुठलं कलम ते नाही. सही आहे, पण सहीखाली नाव नाही की हुद्दा नाही. शिवाय त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा नगरपरिषदेच्या ट्रॉलीत टाकून नेला. काटा नेल्याची तर कसलीच नोंद कागदावर नाही. आजींच्या जुड्या सगळ्या मिळून त्या दिवशी ५०० रुपयांच्या झाल्या नसत्या.

हे सुरू झालं त्या फलकापासून. महिन्यापूर्वी चौकात फलक लागला : रात्री ९ नंतर सर्व दुकाने, टपऱ्या, गाडे बंद, मुख्य रस्त्यावर बसण्यास मनाई, उल्लंघन केल्यास ५०० रुपये दंड, "आदेशावरून". कुणाच्या आदेशावरून ते लिहिलेलं नाही. जावक क्रमांक नाही, तारीख नाही.

मी रोज कागदात असतो, म्हणून मला हे खुपलं. नगरपरिषद नेमकं काय काय ठरवू शकते? दुकान किती वाजता बंद करायचं, कोण कुठे बसायचं, दंड किती घ्यायचा, हे सगळं तिच्या हातात आहे का? आणि असेल तर कोणत्या कागदाने? जाणकारांनी जरूर लिहा. आजींचा अर्ज मलाच लिहायचा आहे, तो चुकीचा जायला नको.

---

निवृत्त_लेखनिक

मी ३१ वर्षं नगरपरिषदेत काढली, बरीचशी कर विभागात. तुम्ही पावतीचं वर्णन केलंत ते वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी पावती पुस्तकाचा हिशेब लागला नाही तर घरी जाता येत नसे.

मुळापासून सांगतो. आपल्याकडचा कायदा म्हणजे महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. नगरपरिषदेला जे काही अधिकार आहेत ते या कायद्याने किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याने दिले म्हणून आहेत. कायद्याने दिला नाही तो अधिकार ठराव करून तयार होत नाही. लोकांना वाटतं की सभागृहाने हात वर केले म्हणजे कायदा झाला. तसं नाही.

ठराव हा नगरपरिषदेने स्वतःच्या कारभारासाठी घेतलेला निर्णय. नागरिकांना बांधणारा आणि मोडला तर दंड होणारा नियम करायचा असेल तर उपविधी करावे लागतात. त्यांचा मसुदा जाहीर करायचा, हरकती मागवायच्या, वरची मंजुरी घ्यायची, मग ते प्रसिद्ध करायचे. हे न करता फलकावर दंडाचा आकडा लिहिला तर तो रंगाऱ्याने लिहिलेला आकडा आहे, एवढंच.

म्हणून पहिलं काम : माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा. फलकामागचा ठराव किंवा आदेश, दंडाचा दर ज्या मंजूर उपविधीत आहे त्याची प्रत, आणि त्या दिवशीच्या पावती पुस्तकाचं स्थळप्रतीचं पान. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तिसरी मागणी विसरू नका. पैसे जमा झाले की नाही ते तिथेच कळतं.

आणि एक. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना त्याच कायद्याच्या कलम ३०८ मध्ये आहे. नगरपरिषद दाद देत नसेल तर तिकडे जाता येतं.

---

शेजारीण

रात्री ९ चा मुद्दा मला विचित्र वाटतो. आमच्या गावातही असाच भोंगा फिरतो रिक्षावर. दुकानांच्या वेळेचा आणि नगरपरिषदेचा संबंध काय?

---

निवृत्त_लेखनिक

ताई, बरोबर विचारलंत. दुकानं-आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा आहे, तो कामगार विभाग बघतो. त्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिली आहे. दारूची दुकानं, परमिट रूम अशांना वेगळ्या वेळा आहेत. मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, सरकारने पुन्हा परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं, कारण ठिकठिकाणी अडवाअडवी चालली होती. तेव्हा किराणा दुकान ९ ला बंद करा असं नगरपरिषदेने सांगायचं कारणच नाही.

मला वाटतं ही सवय कोरोनाच्या काळातली. तेव्हा हेच भोंगे फिरायचे, हेच कर्मचारी शटर खाली करायला लावायचे. पण तेव्हाचे आदेश २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा यांखाली निघत, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने. नगरपरिषद फक्त अंमल करत होती. साथ गेली, ते आदेश गेले, पण "आपण सांगितलं की गाव बंद होतं" हे मनात राहून गेलं.

---

अ‍ॅड_माणदेशी

वकील आहे, तालुका कोर्टात काम करते. आजींच्या बाबतीत तर थेट कायदा आहे आणि तो त्यांच्या बाजूने फार भक्कम आहे : पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४.

धागाकर्त्यांनी अर्जात हे मुद्दे घ्यावेत. कलम ३(३) : गावातल्या सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. कलम १८ : हटवायचं किंवा दुसरीकडे बसवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कलम १९ : माल किंवा सामान जप्त करायची वेळ आलीच, तर त्याची यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी परत, नाशवंत नसलेला दोन कामकाजाच्या दिवसांत परत. काटा नाशवंत नाही. म्हणजे आजींनी मागणी केल्यापासून दोन दिवस.

१९६५ च्या कायद्यात रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार आहे, हे नगरपरिषद नक्की पुढे करेल. पण २०१४ च्या कायद्यात कलम ३३ आहे : इतर कायद्यात काहीही असलं तरी हा कायदा वरचढ.

आणखी एक गोष्ट बहुतेक गावांत कुणाला ठाऊक नसते. नगर पथविक्रेता समिती स्थापन करावी लागते. मुख्याधिकारी अध्यक्ष, आणि किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश महिला. कुणी कुठे बसायचं, कुठे बसायचं नाही, ही चर्चा त्या समितीसमोर व्हायची असते. तुमच्याकडे समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हेही माहिती अधिकारात विचारा.

आणि पिंपळाखालचा बाजार किती जुना आहे ते जुन्या लोकांना विचारून लिहून काढा. ५० वर्षांहून जुना बाजार असेल तर कायद्याची दुसरी अनुसूची त्याला वारसा बाजार मानायला सांगते आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. हे मोठं हत्यार आहे.

---

बाजारपेठ_गल्ली

सगळे एकाच बाजूने लिहीत आहेत म्हणून लिहितो. मी अशाच एका गावच्या बाजारपेठेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या पावसाळ्यात वडिलांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली आणि अडकली. एका बाजूला केळीचा गाडा, दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या दुकानाने पायऱ्यांपुढे मांडलेले पुतळे, मध्ये दुचाक्या. स्ट्रेचर घेऊन आम्ही चालत गेलो, तीनशे पावलं असतील. वडील वाचले. पण ती तीनशे पावलं मी विसरू शकत नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि लोक बाजूला व्हायच्या आधी वळून बघत उभे राहत होते.

मला आजींबद्दल आदर आहे. पण रस्ता मोकळा ठेवायचा अधिकार नगरपरिषदेने वापरला नाही तर मग कुणी वापरायचा? तुम्ही प्रत्येक अधिकार कोर्टात नेऊन पाडणार असाल तर उद्या कुणीच काही करणार नाही.

---

तहसीलसमोर

दादा, तुमचं वाचून दुकानातच थोडा वेळ बसून राहिलो. वडील सुखरूप आहेत हे बरं झालं.

तुमचं म्हणणं मला खोटं पाडायचं नाही. रस्ता मोकळा हवाच. पण आमच्याकडे जे घडलं ते सांगतो. त्या दिवशी ट्रॉली पिंपळापाशी थांबली, आजींचा काटा उचलला, शेजारच्या लिंबूवाल्याची पाटी उचलली. तिथून वीस पावलांवर एका मोठ्या दुकानाने पायऱ्या वाढवून गटारीवर लोखंडी जाळी टाकली आहे आणि त्यावर फ्रिज मांडले आहेत. तिथे ट्रॉली थांबली नाही. मी समोर उभा होतो.

रुग्णवाहिका आली तर आजी पाटी उचलून दोन मिनिटांत बाजूला होतील. ती जाळी हलणार नाही.

---

अ‍ॅड_माणदेशी

बाजारपेठ_गल्ली, २०१४ चा कायदा रस्ता अडवायला मुभा देत नाही. उलट विक्रीसाठी मनाईचे भाग ठरवायची सोय त्यातच आहे. तुमच्या गल्लीचं तोंड मनाईचं ठरवता येईल. फक्त आधी सर्वेक्षण, मग समिती, मग आराखडा, मग नोटीस, या क्रमाने. हा क्रम पाळायला नगरपरिषदेला कुणी अडवलेलं नाही. तो पाळला असता तर तुमच्या वडिलांच्या वेळी रस्ता मोकळा असता, असं मला वाटतं.

अधिकार कोर्टात पाडण्याबद्दल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी दोन छोट्या गावांच्या भाजीबाजाराचेच आहेत, हे लोकांना सांगायला मला फार आवडतं. १९५० साली कैराना नगरपालिकेचं प्रकरण. उत्तर प्रदेशातलं छोटं गाव. घाऊक भाजीचा धंदा परवानगीशिवाय करायचा नाही असे उपविधी केले, परवाना कसा द्यायचा याची तरतूदच ठेवली नाही, आणि मक्ता एका माणसाला देऊन टाकला. आधीपासून धंदा करणारा दुसरा आडत्या अर्ज घेऊन गेला तर नाही म्हणाले, वर खटला भरला. न्यायालयाने सांगितलं, हा धंद्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. मग १९५२ साली त्याच भागातलं जलालाबाद. तिथल्या टाउन एरिया कमिटीने घाऊक भाजी व्यापाऱ्यांवर शुल्क बसवलं. मूळ कायद्याने तिला फक्त स्वतःच्या जागेच्या वापराबद्दल शुल्क घ्यायचा अधिकार दिला होता, हे शुल्क धंद्यावरच होतं. न्यायालय म्हणालं, कायद्याने न दिलेलं शुल्क हा वाजवी निर्बंध होऊच शकत नाही.

राज्यघटना लागू होऊन दोन-अडीच वर्षंही झाली नव्हती, आणि दिल्लीत न्यायमूर्ती एका गावच्या भाजीबाजाराचे उपविधी ओळ न ओळ तपासत होते. ५०० रुपयांची पावती क्षुल्लक आहे असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

---

पाऊलवाट

माथेरानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर कर्जतकडचं. माथेरानची नगरपरिषद राज्यातल्या छोट्यांपैकी, आणि तिथे सार्वजनिक जीवनावर जेवढे निर्बंध आहेत तेवढे कुठेच नाहीत. मोटारी दस्तुरीपाशी थांबतात. पुढे पायी, घोड्यावर नाहीतर मिनी ट्रेनने. लाल मातीचा रस्ता, डोक्यावर झाडी. मी तिथे गेले की कान आधी मोकळे होतात. निर्बंध नसते तर हे कधीच संपलं असतं.

पण तिथलाही मुख्य आधार नगरपरिषदेच्या ठरावात नाही. केंद्राने २००३ साली माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, त्यात आहे. आणि त्याच निर्बंधांच्या आत माणसं हाताने रिक्षा ओढत होती, ते कित्येक वर्षं कुणाला खटकलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सहा महिन्यांत हे बंद करा आणि ई-रिक्षा द्या. चढावर रिक्षा ओढणाऱ्या माणसाचा घाम मी पाहिला आहे, पाठीला शर्ट चिकटलेला. निर्बंध चांगला असला तरी त्याचा भार कुणाच्या पाठीवर पडतो ते बघावं लागतं.

---

शेजारीण

आणि काय खायचं ते नगरपरिषद ठरवू शकते का? गेल्या वर्षी १५ ऑगस्टला काही महापालिकांनी मटणाची दुकानं बंद ठेवायला लावली त्यावरून खूप वाद झाला होता.

---

अ‍ॅड_माणदेशी

ताई, इथे उत्तर सरळ नाही. ऋषिकेश आणि मुनी की रेती इथे नगरपालिकेच्या उपविधींनी मांस, मासे आणि अंडी यांच्या विक्रीवर बंदी घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली वैध ठरवली, तीर्थक्षेत्राचं वेगळं स्वरूप आणि तिथे येणाऱ्या लोकांच्या भावना लक्षात घेऊन. मला स्वतःला तो निकाल पटत नाही. तिथे राहणारा प्रत्येक माणूस यात्रेकरू नसतो. पण निकाल आहे आणि तो सांगितला पाहिजे. म्हणजे रीतसर केलेल्या उपविधींना पुष्कळ बळ असतं. म्हणून तर मसुदा जाहीर होतो तेव्हाच हरकती नोंदवणं फार महत्त्वाचं. त्या मुदतीत कुणी फिरकत नाही, आणि नंतर वीस वर्षं सगळे तक्रार करतात.

---

रायगडकर_मी

महाडचा आहे, त्यामुळे या विषयावर मी गप्प बसू शकत नाही.

नगरपालिकेच्या अधिकाराचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं प्रकरण आमच्या गावातलं आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसं नगरपालिकेत होती म्हणून ते झालं. पण ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. मग मारहाण झाली, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला.

तेच सभागृह, तेच तळं. आधी खुलं केलं, मग फिरवलं. पुढे तळं खासगी आहे असा दावा काही सवर्णांनी लावला. तो खटला १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा तो निकाली निघाला. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

मी तळ्याच्या पायऱ्यांवर बसतो तेव्हा विचार येतो, नगरपालिकेचा अधिकार म्हणजे अखेर पाणवठा, रस्ता, बाजार यांत कोण येऊ शकतो हे ठरवणं. आजींच्या पिंपळाचंही तेच आहे.

---

निवृत्त_लेखनिक

रायगडकर, फार चांगलं लिहिलंत.

एक राहिलं. आपण अधिकारांबद्दल बोलतो आहोत, पण १९६५ च्या कायद्यात कर्तव्यांची यादी आधी आहे : दिवाबत्ती, रस्तेसफाई, गटारं, पाणी, दफनभूमी आणि दहनभूमी. त्यातलं गटारांचं कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलाम नगरपालिकेला ठणकावून सांगितलं. उघडी गटारं, घाण, मच्छर, आणि नगरपालिका म्हणते पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण ऐकून घेतलं नाही. रहिवासी गेले होते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे. बाजारपेठ_गल्ली यांना सांगतो, रस्ता अडवणाऱ्या त्या पुतळ्यांविरुद्ध तुम्ही स्वतः या कलमाखाली अर्ज करू शकता. नगरपरिषदेची वाट बघायची गरज नाही.

आणि धागाकर्ते, फलक लागला तेव्हा तुमच्याकडे निवडून आलेलं सभागृह होतं की प्रशासक? आमच्याकडे तर चार वर्षं सभाच नव्हती, सगळं प्रशासकाच्या सहीने. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा कुठे नगरसेवक आले. सभागृह असेल तर तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला सांगून हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. इतिवृत्तात नोंद झाली की पुढे कुणाला नाकारता येत नाही.

---

तहसीलसमोर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय झालं ते लिहितो.

आजी, लिंबूवाला आणि एक चहाच्या टपरीवाल्या मावशी, असे आम्ही चौघे गेलो. अर्ज दीड पानाचा झाला, माणदेशी ताईंनी दिलेली कलमं त्यात घेतली. खिडकीवरचा कर्मचारी आधी म्हणाला, असे अर्ज घेत नाही. मी म्हटलं, घेत नाही असं लिहून द्या. मग आत गेला, बाहेर आला आणि घेतला. सभागृह आता आहे, पण त्यात हा विषय कधी आलाच नाही, असं आमच्या नगरसेविका म्हणाल्या. पुढच्या सभेत विषय घ्यायचं त्यांनी कबूल केलं आहे.

पिंपळाच्या बाजाराबद्दल तीन जुन्या माणसांना विचारलं. एक आजोबा म्हणाले, १९७२ च्या दुष्काळात खडीच्या कामावरून सुटलं की आठवड्याचा पगार घेऊन तिथेच भाजी घ्यायला यायचे. ते लिहून त्यांचा अंगठा घेतला आहे.

काटा अजून मिळालेला नाही. आजी सध्या शेजारणीच्या तागडीने मापून देतात.

---

निवृत्त_लेखनिक

अर्जाची पोच घेतली का? शिक्का आणि तारीख दोन्ही आहे ना? दोन दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजायची आहे.

---

तहसीलसमोर

घेतली, काका. शिक्का आहे, तारीख आहे, आवक क्रमांकही आहे. तीन झेरॉक्स काढल्या, एक आजींनी पदराच्या गाठीत बांधली.